मुंबई–दोहा–लंडन: विमानतळावर सिगारेट ओढायची जागा कुठे आणि कशी शोधायची

प्रश्न थोडक्यात असा. खेडचे एक गृहस्थ, वय 64, रोजच्या दहा-बारा सिगारेटी आणि अधूनमधून विडी. पत्नीसह मुंबईहून दोहामार्गे लंडनला मुलीकडे निघालेत, परदेशप्रवास पहिलाच. पत्नीचे गुडघे दुखतात म्हणून तिच्यासाठी व्हीलचेअर सांगितली आहे. मुलगा विचारतोय: विमानतळावर सिगारेट ओढायची खोली असते म्हणतात, ती कितव्या गेटजवळ असते आणि बाबांना ती सापडेल कशी?

गेटचा नंबर पाठ करून घेऊ नका. या खोल्या बंद पडतात, हलवल्या जातात, दुरुस्तीला जातात. कोणी दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या नंबरावर वडील भिंतीकडे बघत उभे राहतील. त्यापेक्षा दोन गोष्टी नीट समजून घ्या: कुठल्या दारातून एकदा आत गेल्यावर मागे येता येत नाही, आणि ही खोली इमारतीच्या कुठल्या भागात बांधलेली असते. एवढं कळलं की अनोळखी विमानतळावरही पाच-दहा मिनिटांत जागा सापडते, किंवा इथे ती नाहीच हे तेवढ्याच वेळात कळतं. दुसरी माहितीही पहिलीइतकीच कामाची आहे.

आधी भारतातलं बघू. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम 4 नुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे आणि विमानतळ हे सार्वजनिक ठिकाणच. त्याच कलमात सवलतही आहे: 30 खोल्यांचं हॉटेल, 30 किंवा जास्त माणसं बसतील असं रेस्टॉरंट आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते. ठेवता येते, ठेवलीच पाहिजे असं नाही. म्हणून लहान विमानतळावर "खोली कुठाय?" असं हक्काने विचारून उपयोग नसतो.

खोली कशी असावी ते 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांत लिहिलंय. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती. आपोआप बंद होणारं दार. आतली हवा थेट इमारतीबाहेर फेकणारी यंत्रणा, आणि आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी. शिवाय ही जागा इमारतीत शिरायच्या किंवा बाहेर पडायच्या वाटेवर नको, आणि आत दुसरी कुठलीही सेवा द्यायची नाही. म्हणजे चहासुद्धा नाही.

शोधायचं कुठे, याचं उत्तर याच नियमांत आहे. हवा थेट बाहेर टाकायची तर खोली बाहेरच्या भिंतीला लागून हवी, नाहीतर जिथून पाइप आणि डक्ट वर जातात तिथे, म्हणजे स्वच्छतागृहांच्या शेजारी. प्रवेशाजवळ चालत नाही, म्हणून ती आत, बहुतेक वेळा लांब हॉलच्या टोकाला किंवा फूड कोर्टच्या मागच्या अंगाला असते. तेव्हा सिक्युरिटी ओलांडली की ड्यूटी फ्रीच्या झगमगाटात शोधत बसू नका. स्वच्छतागृहाच्या पाटीच्या दिशेने चाला आणि तिथे पेटत्या सिगारेटचं चित्र दिसतंय का बघा. त्या चित्रावर लाल तिरपी रेघ नाही याची खात्री करा. घाईत ही रेघ दिसत नाही आणि माणूस नेमका मनाई असलेल्या ठिकाणी पाकीट काढतो. दंड 200 रुपयांपर्यंतच आहे, पण आडवा येतो तो वर्दीतला माणूस आणि त्याला समजावण्यात गेलेला वेळ.

पाटी दिसली नाही तर सफाई कर्मचाऱ्याला विचारा. एअरलाइनच्या काउंटरवरच्या मुलीला खोली माहीत असेलच असं नाही. रोज तिथली थोटकं उचलणाऱ्याला ती माहीत असते, आणि आज ती बंद आहे का हेही त्यालाच ठाऊक असतं. मुंबईत मराठीत विचारलं तरी चालतं. दोह्यातही सफाईच्या आणि ट्रॉलीच्या कामावर भारत, नेपाळ, बांगलादेशची माणसं खूप आहेत, वडिलांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत काम होतं.

आता दारांचा हिशेब. या प्रवासात खरी अडचण इथेच येते.

मुंबईत टर्मिनलच्या दारात सीआयएसएफचा जवान तिकीट आणि पासपोर्ट बघून आत सोडतो. एकदा आत गेल्यावर "जरा बाहेर जाऊन दोन झुरके मारून येतो" हे चालत नाही. बाहेर पडायला एअरलाइनचा माणूस आणि नोंद लागते. इमिग्रेशनचा शिक्का बसल्यावर तर प्रश्नच मिटला. म्हणून बाहेरची शेवटची सिगारेट गाडीतून उतरल्यावर, टर्मिनलमध्ये शिरण्याआधी. तीही दारासमोरच्या छताखाली नाही, तो भागही विमानतळाचाच आहे. खेडहून स्वतःच्या गाडीने येणार असाल तर पनवेलच्या पुढे चहाला थांबाल तेव्हाच ओढून घेणं सगळ्यात सोपं. महामार्गावर माणगावला किंवा वडखळला गाडी अडकली (गणपतीच्या दिवसांत अडकणारच) तर वेळेची पहिली काटछाट या थांब्यावर होते हे वडिलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे गाडीत चिडचिड होणार नाही.

आत गेल्यावर बॅगा देणं, इमिग्रेशन, सिक्युरिटी या सगळ्यात गर्दीच्या वेळी दीड-दोन तास सहज जातात. तेवढ्यात कुठेही ओढता येत नाही. मुंबईच्या टर्मिनल 2 वर आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी धूम्रपानाची सोय आहे ती सिक्युरिटीच्या पलीकडे. तिथे पोचल्यावर आधी आपलं गेट स्क्रीनवर बघून घ्या, गेट किती लांब आहे ते पाहा आणि मगच खोली शोधा. उलट करू नका. मुंबई हा 'सायलेंट' विमानतळ आहे, प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. शिवाय दार बंद असलेल्या खोलीत पंख्याच्या घरघरीत काहीच ऐकू येत नाही. गेट विमान सुटण्याच्या साधारण 20 ते 25 मिनिटं आधी बंद होतं. बोर्डिंग पासवर बोर्डिंगची जी वेळ छापलेली असते, त्याच्या 15 मिनिटं आधी खोलीतून बाहेर पडायचं, असा नियम वडिलांना घालून द्या.

पेटवायचं कशाने, हा पहिल्यांदा जाणाऱ्यांना न सुचणारा प्रश्न. भारतातून निघताना लायटर आणि काडेपेटी हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही नाही. हातातली असेल तर सिक्युरिटीवाले काढून टोपलीत टाकतात, विषय संपला. चेक-इन बॅगेत सापडली तर बॅग बाजूला काढली जाते, तुम्हाला शोधलं जातं, उघडायला लावतात, आणि सगळा वेळेचा हिशेब कोलमडतो. बॅगा भरून झाल्यावर शर्टांचे खिसे, कोटाचे आतले खिसे, औषधांची पिशवी, देवपूजेचं सामान नीट चाचपा. मुलीसाठी नेलेल्या उदबत्तीच्या पुड्याबरोबर काडेपेटी जाणं ही हमखास चूक.

खोलीत भिंतीला बसवलेला विजेचा लायटर असतो. बहुतेक ठिकाणी छोट्या भोकात तारेचं वेटोळं असतं. बटण दाबून धरायचं, वेटोळं लाल झालं की सिगारेटचं टोक त्याला टेकवायचं आणि टेकवलेलं असतानाच ओढायचं. नुसतं टेकवून वाट पाहिली तर कागद करपतो, पेट घेत नाही. विडीचं इथे फार अवघड होतं. तेंदूचं पान तारेवर धुमसतं, झुरका मोठा घ्यावा लागतो आणि अर्ध्यावर विझली की पुन्हा रांगेत उभं राहायचं. प्रवासापुरती विडी घरी ठेवा. वासाचा मुद्दाही आहेच. परदेशी सुरक्षारक्षकाला विडीचा वास ओळखीचा नसतो आणि हाताने वळलेली, पानात गुंडाळलेली वस्तू पाहून तो चार प्रश्न विचारणारच. लायटर चालत नसेल तर संकोच न करता शेजाऱ्याच्या पेटत्या सिगारेटवरून पेटवून घ्या. या खोलीत कोणी नाही म्हणत नाही.

खोलीत उभं कुठे राहायचं? दाराजवळ. आत दाब कमी असल्यामुळे ताजी हवा दाराच्या फटीतून आत येते आणि धूर हवा खेचणाऱ्या जाळीकडे जातो. जाळीखाली उभं राहिलात तर सगळ्यांचा धूर तुमच्यावरून जातो आणि पुढचे चार तास विमानात शेजारी नाक दाबून बसतो. पण दार धरून उभं राहू नका. दार उघडं राहिलं की दाब बिघडतो, धूर हॉलमध्ये पसरतो आणि कर्मचारी येऊन ओरडतो. खोली गच्च भरलेली असेल, डोळे चुरचुरत असतील तर हवा खेचणारी यंत्रणा नीट चालत नाही असं समजा. एक ओढा आणि निघा. दम्याचा त्रास असलेल्याने तिथे जाऊच नये.

सामान कधीही खोलीबाहेर ठेवून जायचं नाही. बेवारस बॅग दिसली की सुरक्षादल तिच्याकडे बॉम्बच्या संशयाने बघतं. खोली लहान असते, ट्रॉली आत मावत नाही. म्हणून एकाने आत जायचं, दुसऱ्याने बॅगा सांभाळायच्या. इथे तुमच्या आईच्या व्हीलचेअरचा विचार आधी करायला हवा. व्हीलचेअर ढकलणारा कर्मचारी प्रवाशाला सरळ गेटवर नेऊन सोडतो आणि पुढच्या प्रवाशाकडे जातो. सोबतचा माणूस त्याच्या मागे धावत असतो. सिक्युरिटी संपताक्षणी वडिलांनी त्याला सांगावं, "दादा, आधी गेट दाखवा, तिथे हिला बसवू, मग मी एकटा जाऊन येतो." वाटेत थांबायला लावू नका, त्याची पाळी ठरलेली असते. आई गेटवर सामानासह बसलेली आणि वडील पंधरा मिनिटांसाठी एकटे गेलेले, हीच सर्वांत सुरळीत व्यवस्था. दोघांचे फोन चालू असू द्या आणि वडिलांचा बोर्डिंग पास व पासपोर्ट त्यांच्याच खिशात.

मुंबई–दोहा साधारण साडेतीन ते चार तास. दोह्याला उतरल्यावर 'ट्रान्सफर्स'च्या पाटीने जायचं, 'अरायव्हल्स'च्या नाही. वाटेत पुन्हा सुरक्षातपासणी होते. ती झाली की मोठ्या दालनात येता, तिथे डोक्यातून दिवा निघालेलं अवाढव्य पिवळं अस्वल बसलंय. पहिल्यांदा जाणाऱ्याला खुणेची यापेक्षा चांगली जागा नाही. चुकामूक झाली तर अस्वलापाशी भेटायचं असं ठरवून टाका. ए आणि बी ही गेटं या दालनाच्या दोन अंगांना, सी समोर आणि डी, ई त्याच्याही पलीकडे. तिकडे जायला इमारतीच्या आतच छोटी रेल्वे आहे. धूम्रपानाच्या खोल्या गेटांच्या या लांब हातांमध्ये आहेत, बाहेर पडायची गरज नाही. खोली शोधायची ती आपल्या गेटच्याच हातात. ए मध्ये ओढून डी कडे धावायची वेळ आणू नका.

दोह्यात एक खाचखळगा आहे. गेटवर बोर्डिंग पास तपासून प्रवाशांना आतल्या बंद बैठकीत बसवतात. एकदा तिथे बसल्यावर बाहेर येणं कठीण. लंडनच्या विमानासाठी ही तपासणी बरीच आधी सुरू होऊ शकते. म्हणून "गेट उघडलं" असं स्क्रीनवर दिसलं की लगेच रांगेत घुसण्यापूर्वी खोलीत जाऊन या.

आणि ई-सिगारेट नको. मुलीने किंवा जावयाने "ती बरी, वास येत नाही" म्हणून सुचवली असेल तरी नाही. भारतात 2019 च्या कायद्याने तिची विक्री, आयात, साठवण सगळंच बंद आहे, कतारमध्येही (दोहा तिथेच) ती बेकायदा आहे. सिंगापूर, थायलंडमध्येही तेच. जहाजावर रुजू व्हायला सिंगापूरला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं. सिंगापुरात साधी सिगारेटही एकसुद्धा करमुक्त नेता येत नाही, जी असेल ती कस्टमच्या लाल मार्गावर जाहीर करून कर भरावा लागतो.

सगळ्यात लांब उपास दोह्याच्या खोलीनंतर सुरू होतो आणि लोक हिशेब चुकतात तो इथे. गेटवर तास-पाऊण तास, विमान साधारण सात तास, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर इमिग्रेशनची रांग, बॅगा. उतरल्यापासून बाहेर पडेपर्यंत खोली शोधू नका. हीथ्रोला टर्मिनलच्या आत ओढायला कुठेही परवानगी नाही. एकूण नऊ-दहा तास. दिवसाला दहा-बारा ओढणाऱ्याने याची तयारी घरूनच करावी. औषधाच्या दुकानात 2 मिलिग्रॅमचं निकोटिन गम मिळतं. ते पानासारखं चघळत राहिलं की घसा जळतो, उचकी लागते, आणि माणूस "काही उपयोग नाही" म्हणून टाकून देतो. चार-सहा वेळा सावकाश चावायचं, जिभेला चरचरलं की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं, चरचर कमी झाली की पुन्हा चावायचं. एक गम असं अर्धा तास पुरतं. चहा, कॉफी किंवा फळांचा रस घेतल्यावर 15 मिनिटं थांबा, आंबट तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही. कवळी असेल तर गम चिकटतं, त्याऐवजी निकोटिनच्या चोखायच्या गोळ्या घ्या. हृदयाचा त्रास किंवा नुकतंच काही झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि निघायच्या आठवडाभर आधी घरी एकदा वापरून पाहा. पहिला प्रयोग विमानात नको.

मळलेली तंबाखू हा पर्याय कोकणात सगळ्यांना आधी सुचतो. थुंकायचं कुठे, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा.

विमानाच्या शौचालयात ओढायचा विचार मनातूनही काढून टाका. धूर ओळखणारं यंत्र आत असतं आणि ते झाकणं हाच वेगळा गुन्हा. दारावर किंवा दाराशेजारी राखेची छोटी वाटी दिसते म्हणून काहींना परवानगी आहे असं वाटतं. ती मुद्दाम ठेवलेली असते, कारण कोणी नियम मोडलाच तर जळतं थोटूक कागदाच्या कचऱ्यात जाऊ नये. 11 जुलै 1973 ला पॅरिसजवळ व्हारिग या ब्राझीलच्या विमान कंपनीच्या विमानाला शौचालयात सुरू झालेल्या आगीमुळे 123 माणसं गेली. हा सगळा कडकपणा अशा घटनांतून आलेला आहे.

हीथ्रोला बाहेर पडल्यावर दारापासून जरा बाजूला ठरवून दिलेली जागा असते, पाट्या आहेत. थोटूक डब्यातच टाका.

परतीला सगळं उलटं होतं. हीथ्रोच्या दारात तिकीट तपासत नाहीत, आत-बाहेर मोकळेपणाने करता येतं. म्हणून आधी बॅगा द्या, मग बाहेर येऊन निवांत ओढा, आणि मगच सिक्युरिटीला जा. सिक्युरिटीनंतर तिथे ओढायची जागाच नाही, एकही खोली नाही. मुंबईची सवय लागलेला माणूस आत गेल्यावर खोली शोधत फिरतो आणि सापडत नाही म्हणून वैतागतो. तिकडे एक लायटर अंगावर नेऊ देतात, द्रवपदार्थांसाठी असते तशा छोट्या पारदर्शक पिशवीत आणि स्वतःजवळच, बॅगेत नाही. पुढे दोह्याच्या तपासणीत तो गेला तरी वाईट वाटू नये इतका स्वस्त असू द्या.

दोह्याला ड्यूटी फ्रीमध्ये वडील गावाकडच्या मंडळींसाठी सिगारेटचं कार्टन घेणार, हे गृहीत धरतो. कार्टनमध्ये 200 सिगारेटी असतात. भारतात उतरताना एका प्रवाशाला करमुक्त मर्यादा आहे 100 ची, म्हणजे वीसची 5 पाकिटं. दोघांची मर्यादा एकत्र करून एकाच्या बॅगेत अख्खं कार्टन नेता येत नाही. पाच पाकिटं वडिलांच्या सामानात, पाच आईच्या, आणि कस्टमच्या हिरव्या मार्गाने (जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांची वाट) जाताना आपापली बॅग आपापल्या हातात. आई व्हीलचेअरवर असेल तर तिची पिशवी तिच्या मांडीवर ठेवा, ट्रॉलीवर वडिलांच्या बॅगांत मिसळू नका.